थेंबभर बधिरता

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी आमचा मुक्काम होता. एका पुलाच्या बांधकामाची पाहणी करीत असता सळया कापणाऱ्या यंत्रातून ठिणग्यांचा झोत उडाला आणि त्यातला एक कण आमच्या उजव्या डोळ्यात शिरला. दिवसभर आम्ही तो पाण्याने धुतला, रुमालाच्या टोकाने टिपून पाहिला आणि कामाच्या भरात विसरण्याचा प्रयत्न केला. रात्री मात्र डोळा मिटणे आणि उघडणे ही दोन्ही सारखीच असह्य झाली. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी ती वस्तू. पण तिने साऱ्या देहाचा ताबा घेतला. सकाळी गावातल्या एका वृद्ध नेत्रवैद्याकडे गेलो. त्यांनी मान मागे करावयास सांगून डोळ्यात एक थेंब सोडला. क्षणभर झोंबले, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रात्रभराची ती आग कोणी फुंकर घालून विझवावी तशी विझली. पुढे सुईचे टोक आमच्या उघड्या डोळ्याकडे येत असलेले आम्ही स्वतः पाहिले. ते टेकल्याचे मात्र आम्हांस कळले नाही. कण निघाला. उठताना आम्ही सहज म्हणालो, "डॉक्टरसाहेब, एवढी ती कुपी आम्हांस लिहून द्या." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "हे औषध आमच्या कपाटातले आहे, आपल्या खिशातले नव्हे." मलम, पट्टी आणि पोटात घेण्याच्या गोळ्या देऊन त्यांनी आम्हांस वाटेस लावले.

आपला शब्द सहसा खाली न पडण्याची सवय ज्यांस जडलेली असते, त्यांस असा नकार रुचत नाही. आम्हांसही तो रुचला नाही. जे औषध वेदना इतक्या पूर्णपणे दूर करते, ते वेदनेने तळमळणाऱ्या माणसालाच नाकारावे, यात कोणते शहाणपण, असे आम्हांस वाटले. या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुढे दोन वाटांनी मिळाले. एक वाट आमच्या स्वतःच्या चुकीची; ती शेवटी सांगू. दुसरी वाट इतिहासाची. त्या थेंबाचा इतिहास शोधीत गेलो तेव्हा आम्हांस असे दिसून आले की, तो थेंब सापडण्यास जसा विलंब लागला, तसाच त्याचा योग्य उपयोग कोणता आणि किती, हे उमगण्यासही लागला. आणि या दुसऱ्या ज्ञानाची किंमत पुष्कळांनी फार जबर मोजली.

प्रथम डोळ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो त्यास शास्त्रीय भाषेत स्वच्छमंडल म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा आहे. प्रकाश निर्वेधपणे आत जावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवल्या नाहीत. पण संवेदना वाहणाऱ्या तंतूंची तेथे इतकी दाटी केली आहे की, सर्व शरीरात इतकी संवेदनशील जागा दुसरी दाखविता येणार नाही. धुळीचा कण टेकताच पापणी मिटते, पाणी येते, हात आपोआप डोळ्याकडे जातो. हा सारा बंदोबस्त वेदनेच्या आधारावर चालतो. डोळ्याच्या दारावर वेदना हा पहारेकरी आहे. आणि तो झोपत नाही म्हणूनच आपली दृष्टी सुरक्षित आहे.

परंतु हाच पहारेकरी शस्त्रवैद्याची वाट अडवून उभा राहतो. डोळ्यावर शस्त्रक्रिया करावयाची तर डोळा उघडा आणि स्थिर हवा. आणि शस्त्र जवळ येताच डोळा या दोन्ही गोष्टी नाकारतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरील जी शस्त्रक्रिया वर्णिली आहे ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. रुग्णाने बसून आपल्या नाकाच्या शेंड्याकडे पाहावे, त्याला नीट धरून ठेवावे, वैद्याने शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालावी, त्यास धीर द्यावा आणि डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडावे, असा तो विधी आहे. गढूळ झालेले भिंग बाजूस सारणे एवढाच त्याचा हेतू. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे ही काही काळ टाळावीत, असाही इशारा तेथे दिलेला आहे. हा इशारा वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण पुढे दीड शतकापूर्वी युरोपातील शस्त्रवैद्य नेमके याच ठिकाणी अडले. सुश्रुताच्या विधीत रुग्णाला धरणारे हात आहेत, धीराचे शब्द आहेत. डोळा बधिर करणारे औषध मात्र नाही.

पुढे शतकानुशतके हीच स्थिती राहिली. फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने १७४७ साली मोतीबिंदू बाजूस न सारता डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. शास्त्र पुढे गेले, पण रुग्णाचे हाल कमी झाले नाहीत. उलट डोळ्यास मोठा छेद घ्यावा लागल्यामुळे तो स्थिर राहण्याची गरज अधिकच वाढली. याच काळाच्या उत्तरार्धात दूर दक्षिणेत, कावेरीच्या काठी, एका मराठी राजाचे लक्ष या विद्येकडे वळले होते, याचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांस वैद्यकाची विलक्षण आवड. त्यांचा धन्वंतरी महाल प्रसिद्ध आहे. त्यांच्या पदरी जमलेल्या हस्तलिखितांत नेत्ररोग्यांच्या नोंदी असून त्यांबरोबर रोगी डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयात हा ठेवा जतन झाला आहे. महाराष्ट्रापासून दूर राहूनही आपल्या माणसांनी ज्ञानाची कोणती कामे केली याचा दाखला म्हणून तो आपणांस अभिमानास्पद आहेच. पण त्याबरोबर हेही आठवावे की, त्या चित्रांतील ज्या डोळ्यांस शस्त्र लागले असेल, त्यांच्या धन्यांनी ते पूर्ण शुद्धीवर राहून आणि पूर्ण वेदना सोसूनच सहन केले असले पाहिजे. कारण बधिर करणारा थेंब जगात अद्याप कोठेच नव्हता.

१८४६ साली बॉस्टन येथे ईथर आणि १८४७ साली एडिंबरो येथे क्लोरोफॉर्म, अशी भूल देण्याची दोन साधने शस्त्रवैद्यांच्या हाती आली. हातपाय कापण्याच्या वेळचा तो आक्रोश थांबला आणि वैद्यकात नवे युग सुरू झाले. नेत्रवैद्यांचा मात्र या युगाने पुरता लाभ झाला नाही. बेशुद्ध रुग्ण 'वर पाहा, खाली पाहा' ही आज्ञा पाळू शकत नाही. भुलीचा मुखवटा आणि शस्त्रवैद्याचे हात यांस एकाच चेहऱ्यावर दाटी करावी लागते. परंतु खरा धोका शुद्धीवर येताना होता. भुलीतून उठणारा रुग्ण ओकाऱ्या काढी, कुंथे, डोके झिंजाडी; आणि तेवढ्या जोराने नुकताच छेदलेला डोळा उघडून आतील द्रव्य बाहेर येई. सुश्रुताने खोकल्या-शिंकेविषयी दिलेला इशारा येथे अक्षरशः खरा ठरला. त्यामुळे भुलीची विद्या उपलब्ध असूनही कित्येक नेत्रवैद्य रुग्णास जागे ठेवूनच शस्त्र चालवीत. सारा देह जागा राहावा आणि डोळा तेवढा निजावा, ही त्यांची निकड होती.

आता गंमत अशी की, ज्या द्रव्याने ही निकड भागावयाची होती ते तोवर युरोपात येऊन पोहोचले होते. दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ मुलखात, कोका नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची रीत फार जुनी आहे. आपल्याकडे विड्याला चुना लागतो, तसा तेथेही पानांबरोबर चुना किंवा राख घेतात. भूक आणि थकवा यांचा विसर पडतो म्हणून ही पाने चघळावयाची. ऑस्ट्रियाच्या 'नोव्हारा' या जहाजाने १८५७ ते १८५९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत ते आपल्या मद्रासेसही लागले होते. त्या मोहिमेतील कार्ल फॉन शेर्त्सर या विद्वानाने पेरूतून कोकाची पाने युरोपात आणली. ती जर्मनीतील गॉटिंगेन येथे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ वोलर यांच्याकडे गेली आणि त्यांचा शिष्य आल्बर्ट नीमान याने त्यांतून पांढरे स्फटिकरूप सत्त्व वेगळे केले. त्याला त्याने कोकेन असे नाव दिले. १८६० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात, हे सत्त्व जिभेवर ठेवले असता जीभ बधिर होते, असे त्याने स्पष्ट नमूद केले. पुढल्याच वर्षी, ऐन तारुण्यात, नीमान वारला.

जीभ बधिर होते, ही गोष्ट लिहून ठेवली गेली. आणि पुढील चोवीस वर्षे ती तशीच राहिली. १८६८ साली मोरेनो इ मायझ नावाच्या पेरूच्या शस्त्रवैद्याने बेडकांवर प्रयोग करून, या द्रव्याचा स्थानिक बधिरतेसाठी उपयोग होईल काय, असा प्रश्न विचारला. १८८० साली व्हासिली फॉन आनरेप याने ते स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतले आणि तेथे सुई टोचली असता कळत नाही, असे नोंदविले. १८८४ च्या जुलैत व्हिएन्ना येथील एका तरुण डॉक्टराने कोकाविषयी सविस्तर निबंध लिहिला आणि त्याच्या अखेरीस, बधिर करण्याच्या या गुणाचे पुढे काही उपयोग निघतील, असा ओझरता उल्लेख केला. हा डॉक्टर म्हणजे पुढे मानसशास्त्रात जगद्विख्यात झालेला सिग्मंड फ्रॉइड होय. इतक्या जाणत्या माणसांनी ही गोष्ट पाहिली. पण पाहणे निराळे आणि तिची गरज असणे निराळे. आमच्या दप्तरांतही असे होतेच. महत्त्वाचा कागद वर्षानुवर्षे फाइलीत असतो, दहा माणसांच्या सह्या त्यावर होतात. आणि ज्याचे काम त्याच्यावाचून अडले आहे असा अकरावा येतो तेव्हा त्या कागदाचा अर्थ प्रथम कळतो.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात असा अकरावा माणूस होता. त्याचे नाव कार्ल कोलर. बोहेमियातील एका लहान गावी १८५७ साली ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला होता. नेत्रवैद्यकात साहाय्यकाची जागा मिळावी ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. डोळ्यापुरती बधिरता आणणारे औषध सापडले पाहिजे, हे त्या काळचे थोर नेत्रवैद्य आर्ल्ट यांच्याकडून त्याच्या मनावर बिंबले होते. त्याने मॉर्फिन, क्लोरल, ब्रोमाइड अशी द्रव्ये प्राण्यांच्या डोळ्यांत घालून पाहिली होती आणि निराश होऊन तो नाद सोडला होता. फ्रॉइड त्याचा मित्र. त्याच्या कोकेनवरील प्रयोगांतही कोलरने भाग घेतला होता. १८८४ च्या उन्हाळ्याअखेर फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूस भेटावयास हँबुर्गजवळच्या वांड्सबेक या गावी गेला. इकडे एके दिवशी एका सहकाऱ्याने चाकूच्या टोकावरचे थोडे कोकेन जिभेला लावले आणि जीभ कशी बधिर होते, असे तो सहज बोलला. हे तर ज्याने चाखले त्या प्रत्येकाच्या ध्यानात आले आहे, असे कोलर उत्तरला; आणि ते शब्द तोंडातून निघत असतानाच, आपण शोधीत होतो ते औषध आपल्याच खिशात आहे, हे त्याच्या लक्षात आले. ही हकीकत पुढे कोलरनेच सांगितलेली आहे.

तो तडक श्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेला. तेथे गेर्टनर नावाचा साहाय्यक होता; पुढील प्रसंगाचा साक्षीदार तोच. पाण्यात कोकेनचे थोडे कण विरघळवून त्यांनी बेडकाच्या डोळ्यात थेंब सोडला. अर्ध्याएक मिनिटाने टाचणी लावून पाहिली. एरवी थोड्या स्पर्शानेही मिटणारा तो डोळा उघडाच राहिला. मग ससा आणि कुत्रा यांच्या डोळ्यांवर तोच प्रयोग झाला. पुढे दोघांनी एकमेकांच्या पापण्यांखाली ते औषध सोडले आणि आरशासमोर उभे राहून टाचणीच्या बोथट टोकाने स्वतःच्या स्वच्छमंडलास स्पर्श केला. काहीच कळत नाही, असे दोघेही जवळजवळ एकदमच आनंदाने उद्गारले. हजारो वर्षे जे साधले नव्हते ते एका दुपारी, एका टाचणीने आणि चार थेंबांनी साधले.

१५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची परिषद भरावयाची होती. तेथवर जाण्याइतके पैसे कोलरजवळ नव्हते. ट्रिएस्ट येथील ब्रेट्टाउअर नावाचे नेत्रवैद्य परिषदेस निघाले होते. त्यांच्याजवळ त्याने आपले छोटेसे टिपण दिले. ब्रेट्टाउअर यांनी ते वाचून दाखविले आणि तेथे एका रुग्णाच्या डोळ्यावर त्याचे प्रात्यक्षिकही झाले. अमेरिकेहून आलेले हेन्री नॉयिस यांनी ही बातमी ताबडतोब आपल्या देशातील वैद्यकीय पत्रास लिहून कळविली. काही आठवड्यांतच युरोप आणि अमेरिका येथील नेत्रवैद्य या थेंबावर शस्त्रक्रिया करू लागले. ज्याने हा शोध लावला तो सत्तावीस वर्षांचाही झालेला नव्हता, आणि ज्या सभेने तो डोक्यावर घेतला त्या सभेत तो उपस्थितही नव्हता.

श्रेयाचा प्रश्न उपस्थित झालाच. फ्रॉइडने व्हिएन्ना सोडताना कोनिगस्टाइन या दुसऱ्या नेत्रवैद्य मित्रास डोळ्यावर कोकेन घालून पाहण्यास सुचविले होते आणि त्यानेही प्रयोग केले होते. परंतु अग्रमान कोलरचाच, हे फ्रॉइडने मान्य केले आणि कोनिगस्टाइनलाही ते मान्य करावयास लावले. पुढे १८८५ साली फ्रॉइडच्या वडिलांच्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा शस्त्र कोनिगस्टाइनने चालविले, बधिर करण्याचे काम कोलरने केले आणि मुलगा जवळ उभा होता. कोकेनच्या या उपयोगाशी ज्यांचा संबंध आला ते तिघेही आज एकत्र आले आहेत, असे कोलर त्या वेळी बोलला, असे फ्रॉइडने लिहून ठेवले आहे. वैद्यकाच्या इतिहासात श्रेयावरून जन्माचे वैरी झालेल्यांच्या कथा पुष्कळ आहेत. तीन मित्र एका वृद्धाच्या डोळ्याभोवती उभे राहिले, ही कथा त्यांत मनास निववणारी आहे.

कोलरच्या वाट्याला मात्र आपल्या नगरात सुख आले नाही. १८८५ च्या जानेवारीत रुग्णालयातच एका रोग्याच्या उपचारावरून वाद झाला आणि एका सहकाऱ्याने त्याच्या ज्यू जातीवरून त्यास शिवी दिली. कोलरने त्याच्या तोंडात मारली. प्रकरण द्वंद्वयुद्धावर गेले, तलवारी चालल्या, प्रतिपक्षी जखमी झाला, कोलरला ओरखडाही आला नाही. पण ज्या जागेची त्याला आशा होती ती व्हिएन्नात त्याला मिळाली नाही. काही काळ हॉलंडमध्ये युट्रेक्ट येथे काढून १८८८ साली तो न्यूयॉर्कला गेला, तेथेच त्याने आयुष्यभर व्यवसाय केला आणि १९४४ साली तेथेच तो वारला. परक्या गावी मान मिळाला, आपल्या गावी जागा मिळाली नाही; घर सोडून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळीस यातले शल्य निराळे समजावून सांगावयास नको.

या शोधाच्या उजेडामागोमाग त्याची सावलीही आली. कोकेन मन उल्हसित करते आणि माणसास आपले अंकित करते, हे प्रथम कोणास पुरते उमगले नव्हते. फ्रॉइडचा मित्र फ्लाइश्ल-मार्क्सो हा थोर शरीरशास्त्रज्ञ हाताच्या असह्य वेदनेमुळे मॉर्फिनच्या आहारी गेला होता; ते सुटावे म्हणून फ्रॉइडने त्यास कोकेन सुचविले, आणि तो दोन्हींच्या आहारी जाऊन १८९१ साली खंगून मेला. अमेरिकेतील प्रख्यात शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांनी कोकेन टोचून मज्जातंतू बधिर करण्याची पद्धती काढली आणि स्वतःवर प्रयोग करता करता तेही व्यसनात सापडले. ज्या हातांनी ती विद्या वाढविली त्याच हातांस तिने बेड्या घातल्या. खुद्द डोळ्यालाही कोकेन सर्वस्वी मानवत नसे. त्याने बाहुली विस्फारते आणि स्वच्छमंडलाचा वरचा थर कोरडा पडून धुरकटतो. म्हणून बधिर करण्याचा गुण ठेवून बाकीचे दोष टाळणारी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञ शोधू लागले. आल्फ्रेड आइनहॉर्नने विसाव्या शतकाच्या आरंभी नोव्होकेन तयार केले. ते टोचण्यास उत्तम, पण डोळ्यावर नुसते सोडून फारसे उपयोगी नव्हते. पुढे टेट्राकेन आणि त्यानंतर प्रोपॅराकेन ही द्रव्ये आली. आज नेत्रवैद्यांच्या कपाटात जी बारीक कुपी असते तिच्यात बहुधा यांपैकीच एक द्रव्य अर्धा टक्का प्रमाणात असते.

हे थेंब काय करतात? मज्जातंतूतून संवेदना पुढे जाते ती विजेच्या लहरीसारखी. त्यासाठी तंतूच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. हे औषध ती द्वारे काही वेळ अडवून धरते. वार्ता निघते तेथेच थांबते आणि मेंदूपर्यंत पोहोचत नाही. अर्ध्या मिनिटात हा परिणाम होतो आणि दहा ते वीस मिनिटांत ओसरतो. तेवढ्या अवधीत नेत्रवैद्य डोळ्यात रुतलेला कण काढतो, किंवा डोळ्यास उपकरण टेकवून आतला दाब मोजतो. या दाबमापनाचे महत्त्व विशेष आहे. काचबिंदू हा रोग बहुधा न दुखता, चोरपावलांनी येतो आणि दृष्टी नेतो. तेथे वेदना हा पहारेकरी ओरडतच नाही. जेथे पहारेकरी मुका आहे तेथे चोर ओळखण्याच्या कामी हाच थेंब साह्य करतो. मोतीबिंदूच्या बाबतीत तर इतिहास एक फेरा पुरा करून आला आहे. मधल्या काळात डोळ्यामागे सुई टोचून सारा डोळा निश्चल करण्याची पद्धती रूढ झाली, आणि आपल्या देशात गावोगावच्या नेत्रशिबिरांतून लक्षावधी माणसांस दृष्टी मिळाली ती संपूर्ण भूल न देता अशा स्थानिक बधिरतेवरच. पुढे चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली अमेरिकेत ध्वनिलहरींनी भिंग फोडून लहानशा छेदातून ते ओढून घेण्याची युक्ती काढली. छेद आखूड झाला आणि गेल्या तीन दशकांत अनेक ठिकाणी पुन्हा नुसत्या थेंबांवर मोतीबिंदू काढण्यात येऊ लागला. कोलरचा थेंब शंभर वर्षांनी पुन्हा आपल्या जागी आला.

मग इतके उपकारक औषध रुग्णाच्या हाती का देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर आता सांगता येईल. स्वच्छमंडलावरील जखम भरून येते ती भोवतालच्या पेशी सरकून आणि वाढून. हे थेंब वरचेवर घातले तर तेच काम मंदावते. शिवाय डोळा बधिर असला म्हणजे पापण्यांची उघडझाप कमी होते, अश्रू आटतात, आणि नवा कण शिरला तरी कळत नाही. म्हणून जखम भरत नाही. भरत नाही म्हणून औषध ओसरताच अधिक दुखते. अधिक दुखते म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो. असा फेरा काही दिवस चालला तर स्वच्छमंडलावर पांढुरके कडे उमटते, पडदा विरघळू लागतो, क्वचित त्यास भोक पडते आणि डोळा कायमचा जातो. वितळजोडकाम करणारे कारागीर डोळ्यांची आग थांबावी म्हणून असे थेंब परस्पर मिळवितात आणि या अनर्थास बळी पडतात, हे नेत्रवैद्यांस चांगले माहीत आहे. अलीकडे परदेशातील तातडीच्या उपचारांच्या काही वैद्यांनी, साध्या खरचटीपुरते, मोजके थेंब एका दिवसासाठी रुग्णाजवळ देण्यास हरकत नसावी, असे मत मांडले आहे. नेत्रवैद्यांत त्यावर एकमत नाही. पण ते मत मांडणारेही चोवीस तासांच्या पलीकडे जात नाहीत.

आता आमची चूक. त्या वृद्ध डॉक्टरांच्या टेबलावरील कुपीचे नाव आम्ही निघता निघता वाचून ठेवले होते. संध्याकाळी डोळा पुन्हा ठणकू लागला तेव्हा आम्ही चिठ्ठीवर ते नाव लिहिले आणि शिपायास बाजारात पाठविले. साहेबांची चिठ्ठी म्हटल्यावर दुकानदाराने दुसरे काही विचारले नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून तो थेंब आम्ही किती वेळा घातला हे मोजले नाही; प्रत्येक वेळी आराम पडे आणि प्रत्येक वेळी तो आराम आधीपेक्षा थोडा लवकर संपे. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यावर दिवा धरला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "एव्हाना ही जखम भरून यावयास हवी होती. आपण यात काय घातलेत?" असत्य बोलण्याचा आम्हांस धीर झाला नाही. खिशातून कुपी काढून आम्ही त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते रागावले नाहीत. शिपायाचे नाव पुसले नाही, दुकानाचेही नाही. कुपी उचलून त्यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि एवढेच म्हणाले, "आणखी चार दिवस हे चालले असते तर मी काही करू शकलो नसतो." पुढचे दोन दिवस आम्ही ती वेदना काढली. दुखत होते, आणि दुखत असता भरूनही येत होते. आठवड्याने डोळा स्वच्छ झाला. जखमेच्या जागी एक पुसट ठिपका राहिला आहे. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती त्याचे एक बारीक किरण दिसते.

त्या किरणाकडे पाहिले म्हणजे आम्हांस त्या डॉक्टरांचे कपाट आठवते. कोलरने डोळ्याच्या पहारेकऱ्यास निजविण्याचा मंत्र शोधला. पण तो केव्हा आणि किती वेळ म्हणावयाचा हे ठरविणारा कोणी जवळ उभा असावा लागतो. त्याने आम्हांस कुपी नाकारली होती, ती आमची वेदना त्यास दिसत नव्हती म्हणून नव्हे. त्या वेदनेचे काम अद्याप संपले नाही, हे त्यास दिसत होते. आपण घरापासून दूर असतो. दुखणे अंगावर काढण्याची आणि हुकमाने ते मिटविण्याची, अशा दोन्ही सवयी आपणांस जडतात. वाचकांपैकी कोणाच्या डोळ्यात कधी कण गेला आणि नेत्रवैद्याने तो जादूचा थेंब घालून कुपी परत कपाटात ठेवली, तर त्यांनी ती मागू नये, इतकीच आमची विनंती आहे.